पलटणीपासून बेटापर्यंत: बेळगाव सीमाभागातील एका लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या संयुक्त सेवेचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण खानापूर तालुक्यातल्या एका मराठी घरातून सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेलेल्या महिला अधिकाऱ्याचे आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून गाव, तैनातीची ठिकाणे आणि काही तपशील मी मोघम ठेवले आहेत; प्रश्न मात्र जसा समोर आला तसाच मांडला आहे. अल्पसेवा कमिशनची (ठरावीक मुदतीच्या सेवेची) पहिली पाच वर्षे संपायला सात महिने उरले असताना त्या सुटीवर घरी आल्या होत्या आणि त्यांच्यापुढे एकाच वेळी तीन वाटा होत्या. सेवा सोडून नागरी महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे, मुदतवाढ घेऊन सैन्यातूनच पदव्युत्तर शिक्षणाला बसायचे, की अंदमान-निकोबारच्या, तिन्ही दलांच्या संयुक्त कमांडमध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून जाण्याबद्दल जी तोंडी विचारणा झाली होती तिला होकार द्यायचा, याचा निर्णय त्या सुटीतच व्हायला हवा होता. मी लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त होऊन बेळगावात राहतो, म्हणून एका रविवारी सकाळी त्यांचे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, मुलीला घेऊन माझ्याकडे आले. सैन्यातल्या रिवाजाप्रमाणे ते मला साहेब म्हणतात आणि मीही त्यांना साहेबच म्हणतो.

सुभेदार साहेबांचे म्हणणे सरळ होते. मुलीने पलटणीजवळ राहावे, एमएचमध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयात राहावे, फार तर पुण्याला जावे. "समुद्रात जाऊन काय करतीस गं? तिथं आपलं माणूस कोण हाय?" हे वाक्य त्यांनी त्या सकाळी दोनदा उच्चारले. या वाक्यात मुलीची काळजी होती, आणि आमच्या भागातली सैन्याची जी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे तीही होती. तिच्याविषयी आधी लिहिणे आवश्यक आहे.

घर, भाग आणि कागदपत्रे

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे शहर आहे. ही रेजिमेंट आपला वारसा १७६८ पासून सांगते, आणि बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात अशी गावे शोधावी लागत नाहीत जिथे प्रत्येक गल्लीत एखादा माजी सैनिक आहे. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे कशासाठी धावतात हे कोणाला विचारावे लागत नाही. शहराजवळ सांबऱ्याला हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे आणि घाट उतरून गेले की कारवारला नौदलाचा मोठा तळ व आयएनएचएस पतंजली हे नौदलाचे रुग्णालय आहे. तिन्ही दले इतक्या हाताशी असलेले जिल्हे देशात फार नसतील. तरीही आमच्या गावांत मिलिटरी म्हटले की डोळ्यांपुढे पलटणच उभी राहते, आणि सैन्यातला डॉक्टर म्हटले की एमएचच्या ओपीडीत बसलेला कॅप्टन. वैद्यकीय अधिकारी तिन्ही दलांत जाऊ शकतो, गणवेशही बदलू शकतो, ही गोष्ट एमबीबीएस झालेल्या मुलांनाही सांगावी लागते.

या अधिकारी महिलेचे प्राथमिक शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले, दहावी कर्नाटक बोर्डातून झाली आणि एमबीबीएस बेळगावातच. सीमाभागात एका व्यक्तीची दोन नावे सहज तयार होतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी मांडणी असते, तर बोर्डाच्या गुणपत्रकावर त्याच मुलीचे नाव आणि पुढे दोन आद्याक्षरे. जन्मदाखल्यावर जुने 'बेळगाव', पुढच्या कागदांवर १ नोव्हेंबर २०१४ नंतरचे 'बेळगावी'. कमिशनच्या वेळी हे सारे प्रतिज्ञापत्रावर निभावले. पण पदव्युत्तर प्रवेशाची तयारी सुरू झाली तेव्हा वैद्यकीय परिषदेची नोंदणी आणि सेवापुस्तक यांतले नाव जुळेना, आणि एका कार्यालयात त्यांचा अर्ज सहा आठवडे पडून राहिला. ही बाब किरकोळ वाटेल. माझ्या अनुभवात मात्र सीमाभागातल्या उमेदवारांची वर्षे अशा किरकोळ बाबींतच जातात, म्हणून मी प्रत्येकाला पहिल्या सुटीतच सगळे कागद एका नावावर आणायला सांगतो.

महिला म्हणून त्यांच्यापुढे एक अडथळा नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. सैन्याच्या इतर बहुतेक शाखांत महिलांना स्थायी कमिशनसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालापर्यंत झगडावे लागले; वैद्यकीय शाखेत ती वाट त्याच्या कितीतरी आधीपासून खुली होती. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर यांचा जन्म धारवाडचा. बालरोगतज्ज्ञ म्हणून घडलेल्या या डॉक्टर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) अधिष्ठाता झाल्या आणि नंतर दिल्लीत एकात्मिक संरक्षण मुख्यालयात वैद्यकीय विभागाच्या उपप्रमुख झाल्या. बेळगावपासून धारवाड किती लांब आहे, असे मी सुभेदार साहेबांना त्या दिवशी मुद्दाम विचारले.

सेवेची बांधणी

सैन्याची वैद्यकीय सेवा मुळातच संयुक्त आहे. आर्मी मेडिकल कोर (एएमसी) ३ एप्रिल १९४३ रोजी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवा एका छत्राखाली आणण्याची शिफारस केली, आणि १९४८ पासून सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेचा एकच महासंचालक असतो. तो भूदलाचा असेल तर लेफ्टनंट जनरल, नौदलाचा असेल तर सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आणि हवाई दलाचा असेल तर एअर मार्शल. डॉक्टरला कमिशन मिळते ते वैद्यकीय कोरमध्ये. त्यानंतर त्याला भूदल, नौदल वा हवाई दलाकडे दिले जाते आणि त्या दलाचा गणवेश व हुद्दा त्याला मिळतो. भूदलातला मेजर नौदलात सर्जन लेफ्टनंट कमांडर आणि हवाई दलात स्क्वॉड्रन लीडर असतो. पुढे गरजेनुसार एका दलातून दुसऱ्या दलात बदली होऊ शकते. सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल आरती सरीन भूदलात लेफ्टनंट ते कॅप्टन होत्या, पुढे नौदलात सर्जन लेफ्टनंटपासून व्हाइस अ‍ॅडमिरलपर्यंत चढल्या, मध्ये हवाई दलात एअर मार्शल म्हणूनही राहिल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये महासंचालक झाल्या. लेफ्टनंट जनरल साधना सक्सेना नायर हवाई दलात एअर मार्शल होत्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी त्या भूदलाच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. इन्फंट्रीच्या वा युद्धनौकेच्या अधिकाऱ्याला अशी वाट नसते.

मग डॉक्टरने संयुक्त सेवेची पात्रता वेगळी कशाला मिळवायची, असा प्रश्न साहजिक पडतो, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. अमेरिकेत १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने दलांच्या अधिकाऱ्यांवर संयुक्त नेमणुकीची अट घातली. ती पूर्ण केल्याशिवाय जनरल वा अ‍ॅडमिरल पदावर बढती मिळणे कठीण झाले. पण त्याच व्यवस्थेत डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका अशा व्यावसायिक अधिकाऱ्यांना या अटीतून सूट देण्याची तरतूदही आहे, कारण त्यांची खरी किंमत त्यांच्या वैद्यकीय कौशल्यात आहे हे तिथल्या कायद्याने मान्य केले. आपल्याकडे अशी कायद्याची पायरी नाही. २००१ साली एकात्मिक संरक्षण मुख्यालय आणि अंदमान-निकोबारची पहिली तिन्ही दलांची संयुक्त कमांड आली, २०२० च्या सुरुवातीला संरक्षणप्रमुखाचे पद आले, आणि संयुक्त संस्थांतील शिस्तीविषयीचा २०२३ चा कायदा १० मे २०२४ पासून लागू झाला. त्याआधी नौदलाच्या प्रमुखाखाली काम करणाऱ्या भूदलाच्या माणसावर शिस्तीची कारवाई करायची तर त्याला मूळ दलाकडे परत पाठवावे लागे, कारण प्रत्येक दलाचा कायदा वेगळा. आता संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला तो अधिकार आहे. डॉक्टरच्या दृष्टीने याचा अर्थ असा की संयुक्त नेमणूक आता पाहुणचाराची राहिलेली नाही. त्याचा गोपनीय अहवाल (कामाचे वार्षिक मूल्यमापन), रजा आणि शिस्त हे सगळे तिथेच चालते.

अभ्यासक्रमांची शिडी वेगळी आहे. लखनौच्या एएमसी सेंटर अँड कॉलेजमध्ये पायाभूत अभ्यासक्रम होतो, पुढे तिथेच ज्युनियर कमांड अभ्यासक्रम. निलगिरीतल्या वेलिंग्टनचे डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज आणि सिकंदराबादचे कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट या तिन्ही दलांच्या संस्था आहेत, आणि तिथे डॉक्टरांना मोजक्या जागा मिळतात. एअर मार्शल पद्मावती बंदोपाध्याय या विमानवैद्यकातील तज्ज्ञ डॉक्टरने १९७८ मध्ये स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम पूर्ण केला. तो पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी होत. बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये विमानवैद्यक आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीजवळच्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिनमध्ये सागरी वैद्यक शिकवले जाते. पण यादी वाचून कोणी संयुक्त अधिकारी होत नाही. पात्रता कुठे मिळते हे मला याच अधिकारी महिलेने, म्हणजे आताच्या मेजरनी, सांगितलेल्या एका रात्रीने स्पष्ट केले.

त्या रात्रीचा प्रसंग

ईशान्येकडील एका फील्ड हॉस्पिटलमध्ये त्या तेव्हा कॅप्टन होत्या. उंची पाच हजार फुटांच्या आसपास. रात्री एक गाडी उलटली आणि एका जवानाच्या डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या. एक्स-रेमध्ये फुप्फुसाबाहेर थोडीशी हवा साचलेली दिसत होती. जवान शुद्धीवर होता, श्वास चालू होता, ऑक्सिजन चांगला होता. अशी थोडी हवा असली तर रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवतात, दर काही तासांनी एक्स-रे काढतात, आणि बरेचदा ती हवा आपोआप जिरते. पाठ्यपुस्तकाप्रमाणे त्यांनी तेच ठरवले. पोटातल्या दुखापतीची शंका होती म्हणून शल्यचिकित्सकाकडे हलवणे मात्र आवश्यक होते, आणि पहाटे हवाई दलाचे हेलिकॉप्टर येणार होते.

पहाटे हेलिकॉप्टरसोबत हवाई दलाचा वैद्यकीय अधिकारी आला. हेलिपॅडवर स्ट्रेचर ठेवलेले असताना त्याने कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला: "छातीत नळी टाकली आहे का?" मेजरनी एक्स-रे दाखवला, हवा फार थोडी असल्याचे सांगितले. त्याने समोरच्या डोंगररांगेकडे हात करून सांगितले की हेलिकॉप्टरला ती रांग बारा हजार फुटांवरून ओलांडावी लागेल, आणि आत दाब राखण्याची सोय नाही.

पुढचे गणित शाळेतले आहे. हवेचा दाब कमी झाला की अडकलेली हवा फुगते. समुद्रसपाटीवरून अठरा हजार फुटांवर गेले तर तिचे आकारमान दुप्पट होते. पाच हजारांवरून बारा हजारांवर गेले तर जवळपास एक तृतीयांशाने वाढते. जमिनीवर जी हवा फुप्फुसाला जेमतेम टेकत होती तीच रांगेवर फुप्फुस दाबून टाकू शकली असती, आणि तिथे, घरघरणाऱ्या केबिनमध्ये, ना स्टेथोस्कोपने काही ऐकू येते ना नळी टाकायला हात मोकळा मिळतो. त्यांनी स्ट्रेचर परत तंबूत नेले, साचलेली हवा बाहेर काढणारी नळी टाकली, बाटलीच्या जागी झडपेची पिशवी जोडली आणि चाळीस मिनिटे उशिराने हेलिकॉप्टर निघाले. दुसरा प्रश्न त्या अधिकाऱ्याने जाता जाता विचारला होता: श्वासनलिकेत नळी घातलेला रुग्ण पाठवायचा असेल तर त्या नळीच्या फुग्यात हवेऐवजी सलाइन भरता का? ते त्यांना तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. जवान वाचला, महिन्याभराने युनिटमध्ये परत आला.

मला ही घटना सांगताना मेजर म्हणाल्या, "सर, त्या दिवशी माझं निदान बरोबर होतं. फक्त रुग्ण जमिनीवरच राहणार असं मी धरून चालले होते." या एका वाक्यात संयुक्त सेवेची पात्रता म्हणजे काय ते आले आहे. भूदलाचा डॉक्टर रुग्ण जमिनीवर धरतो, हवाई दलाचा त्याला उंचीवर धरतो, नौदलाचा त्याला पाण्याखालून वर आलेला धरतो; आणि रुग्ण मात्र या तिन्हींतून एकाच दिवसात जाऊ शकतो. पाणबुड्याच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन अजून बाहेर पडलेला नसताना त्याला विमानात बसवले तर काय होते, हे कारवारच्या किंवा बेटांवरच्या डॉक्टरला पाठ असते. खानापूरच्या घाटातून आलेल्या डॉक्टरला ते कोणीतरी शिकवावे लागते. इतिहासात या विचाराची उदाहरणे आहेत. कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखालच्या ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सने १९५० ते १९५४ या काळात तिथे काम केले, आणि मार्च १९५१ मध्ये या तुकडीच्या एका लहान गटाने अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर उडी मारून रणांगणाजवळ शस्त्रक्रिया केल्या. संयुक्त सेवा हा शब्द आपल्या कागदांवर येण्याच्या कितीतरी आधी भारतीय डॉक्टर हे करत होते.

पर्यायांची मांडणी

सेवा सोडण्याचा पर्याय आम्ही लवकर बाजूला ठेवला. त्यांना सैन्यात राहायचे होते. घरचा पाठिंबा होता. आणि नागरी पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च हा सुभेदार साहेबांच्या निवृत्तिवेतनात न बसणारा विषय होता. खरा पेच उरलेल्या दोन वाटांच्या क्रमाचा होता.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही वर्षे लिहिली. पंचविसाव्या वर्षी कमिशन, तिसाव्या वर्षी पहिल्या पाच वर्षांची मुदत पूर्ण. अल्पसेवा कमिशन पुढे चार आणि मग पाच अशा दोन टप्प्यांत एकूण चौदा वर्षांपर्यंत नेता येते. दरम्यान विभागीय स्थायी कमिशनसाठी मर्यादित संधी मिळतात. आधी बेटावर दोन-अडीच वर्षे घालवली, तर नीट-पीजीचा (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा) अभ्यास तिथे करायचा, तिथून परीक्षा द्यायची आणि तेहतिसाव्या वर्षी एमडीला बसायचे, म्हणजे छत्तिसाव्या वर्षी बाहेर पडायचे. आधी एमडी केले तर तेहतिसाव्या वर्षी त्या ग्रेडेड स्पेशालिस्ट (सैन्याने मान्य केलेल्या तज्ज्ञ) होतील आणि बेटावर जातील त्या आपल्या हाताचे कौशल्य घेऊन.

माझे पहिले मत बेटाच्या बाजूने होते, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. संयुक्त कमांडमधली नेमणूक सेवेच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मिळणे दुर्मीळ आहे. पुढे कर्नल पदासाठी निवड मंडळ बसते तेव्हा असा अहवाल वजनदार ठरतो, असे मला वाटत होते. शिवाय आयएनएचएस धन्वंतरी हे श्री विजयपुरमचे, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरचे, नौदलाचे रुग्णालय बेटांवरच्या तिन्ही दलांच्या लोकांना पाहते, आणि विखुरलेल्या बेटांवरून रुग्ण आणण्याचा अनुभव मुख्य भूमीवरच्या कोणत्याही एमएचमध्ये मिळत नाही.

मत बदलले ते त्यांच्या एका प्रश्नाने. "सर, तिथे मला जीडीएमओ म्हणून पाठवतील. मी कोणाच्या हाताखाली काय शिकेन, आणि त्या लोकांना मी काय देईन?" सामान्य कर्तव्यावरचा वैद्यकीय अधिकारी संयुक्त रुग्णालयात गेला तर त्याला ओपीडी, वैद्यकीय तपासण्या, वैद्यकीय मंडळांची कागदपत्रे आणि रात्रपाळ्या मिळतात. ही कामे आवश्यक आहेत, पण ती जिथे आहेत तिथे सारखीच आहेत. संयुक्तपणा तिथे येतो जिथे एक भूलतज्ज्ञ, एक शल्यचिकित्सक किंवा एक विमानवैद्यकतज्ज्ञ दुसऱ्या दलाच्या साधनांनी रुग्ण हलवण्याची जबाबदारी घेतो. त्या रात्री फील्ड हॉस्पिटलमध्ये त्यांना नळी टाकता आली, कारण ती एका एमबीबीएस डॉक्टरच्या आवाक्यातली गोष्ट होती. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण डॉर्नियर विमानातून नेण्याची जबाबदारी आवाक्याबाहेरची होती.

यावर एक योग्य आक्षेप आहे. तज्ज्ञ झाल्यावर अधिकारी मोठ्या रुग्णालयातच अडकतो. कमांड हॉस्पिटलला भूलतज्ज्ञ सोडवत नाही, आणि संयुक्त नेमणुकीची संधी हातातून निघून जाते. असे झालेले मी पाहिले आहे. अशा अधिकाऱ्यांना पंचेचाळिशीत प्रशासनाकडे वळताना दुसऱ्या दलाची कार्यपद्धती माहीत नसते आणि ते बैठकीत गप्प बसतात. म्हणून फक्त 'आधी एमडी' एवढे म्हणून भागणार नव्हते. एमडीनंतरची पहिली नेमणूक संयुक्त असावी अशी विनंती आजपासूनच नोंदीत आणायला हवी होती.

निर्णय

त्यांनी मुदतवाढ मागितली, अंदमानच्या विचारणेला लेखी उत्तर दिले की पदव्युत्तर शिक्षणानंतर ही नेमणूक आपण स्वेच्छेने स्वीकारू, आणि भूलशास्त्र निवडले. निवडीवर आमची बरीच चर्चा झाली. एरोस्पेस मेडिसिन सरळ हवाई दलाकडे नेते आणि तो उत्तम विषय आहे; पण त्यात त्या भूदलापासून पूर्णपणे दूर गेल्या असत्या. हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये पदे लवकर मिळतात, परंतु तिशीतच रुग्णाच्या खाटेपासून दूर जाणे त्यांना मान्य नव्हते, आणि मलाही नाही. भूलशास्त्रात श्वासनलिका, ऑक्सिजन, दाब आणि रक्ताभिसरण हेच रोजचे काम असते. रुग्णाला जमिनीवरून हवेत, हवेतून जहाजावर हलवताना नेमके हेच चार विषय हाताशी लागतात.

नीट-पीजीत त्यांना पहिल्या वेळी हवे ते मिळाले नाही. दुसऱ्या वेळी पुण्याला एएफएमसीत जागा मिळाली. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत सेवेतल्या अधिकाऱ्यांना प्रवेशात पहिला अग्रक्रम असतो, आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. स्थायी कमिशनच्या विभागीय मुलाखतीतही पहिल्यांदा निवड झाली नाही, दुसऱ्यांदा झाली. त्या दोन अपयशांच्या मधले वर्ष कठीण होते. सुभेदार साहेब दर रविवारी फोन करत आणि दरवेळी तेच विचारत, पलटणीकडे परत येता येईल काय. मी त्यांना सांगितले की मुलगी पलटणीसाठीच तयारी करते आहे. पलटणीचा जवान बेटावर जखमी झाला तर त्याला कोण झोपवणार आणि कोण शुद्धीवर आणणार?

निवासी डॉक्टर म्हणून त्यांनी शोधनिबंधाचा विषय गंभीर रुग्णांच्या वाहतुकीतलाच घेतला. हवाई दलाच्या एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी स्वतःसाठी एक पानाची तपासणी यादी तयार केली: छातीत हवा, पोटात हवा, डोळ्यात हवा, फुग्यात हवा, प्लास्टरखाली सूज, किती उंचीवर, किती वेळ, ऑक्सिजन किती सिलिंडर. प्लास्टरचा मुद्दा मला विशेष आवडला. घट्ट प्लास्टरखाली उंचीवर सूज वाढते, म्हणून उड्डाणाआधी ते दोन्ही बाजूंनी कापून सैल करावे लागते, आणि ही गोष्ट हाडांच्या डॉक्टरलाच सांगावी लागते.

एमडी झाल्यावर संयुक्त कमांडची नेमणूक मिळाली. ती मिळण्यात लेखी उत्तराचा किती वाटा होता हे ठरवणे कठीण आहे, पण नोंद तिथे होती एवढे निश्चित. भूदलाच्या गणवेशात, मेजर म्हणून, त्या नौदलाच्या वैद्यकीय प्रमुखाखाली रुजू झाल्या. पहिल्या वर्षाचा गोपनीय अहवाल कोण लिहिणार यावर त्यांना काळजी होती, आणि ती रास्त होती. एखाद्या दलातल्या अहवालात जे शब्द फार मोठे मानले जातात ते दुसऱ्या दलात सरासरीचे वाटू शकतात. त्यामुळे त्यांनी रुजू होताच प्रमुखांना भेटून आपली कामे, आपले लक्ष्य आणि आधीच्या अहवालांतली भाषा मोकळेपणाने सांगितली. मी नेहमी हेच सांगतो. संयुक्त नेमणुकीत पहिल्या महिन्यात ही भेट घेतली नाही, तर वर्षाच्या शेवटी तक्रार करून उपयोग होत नाही.

गेल्या गणपतीत त्या घरी आल्या होत्या. सुभेदार साहेब अजून पूर्णपणे समाधानी नव्हते. मुलीच्या प्रमुखाचे नाव घेऊन ते मला म्हणाले, "साहेब, ह्यो सर्जन कॅप्टन म्हंजे आपल्याकडचा कॅप्टनच की. मेजरला कॅप्टन कसा काय हुकूम देतोय?" मी वर्तमानपत्राच्या कडेला नौदलाच्या बाहीवरच्या पट्ट्या काढून दाखवल्या: दोन जाड आणि मध्ये एक बारीक म्हणजे लेफ्टनंट कमांडर, आपला मेजर, तीन म्हणजे कमांडर, आपला लेफ्टनंट कर्नल, चार म्हणजे कॅप्टन, आपला कर्नल. त्यांनी चारही पट्ट्या बोटाने मोजल्या, कागद फाडून खिशात ठेवला आणि मुलीला विचारले, "बाय, मग तुझ्या बाहीवर अडीच होतील का गं कधी?" मेजर म्हणाल्या की नौदलाने मागणी केली आणि कोरने दिले तर होतील, अर्ज अजून केलेला नाही, पण पुढच्या वर्षी करायचा विचार आहे.